मिउरा आणि तिचे चार नंबर

लॅम्बोर्गिनी मिउरा ही साठच्या दशकातली इटालियन स्पोर्ट्‌स कार विकत घ्यायला निघालेल्या माणसाने एका गाडीचे चार नंबर तपासायचे असतात. पहिला चौकटीवर ठोकलेला चेसिस नंबर, दुसरा इंजिनचा, तिसरा बॉडी बनवणाऱ्या बेर्तोने कंपनीने बॉडीला दिलेला आणि चौथा कारखान्याचा उत्पादन क्रमांक. हे चारही कारखान्याच्या जुन्या नोंदीशी जुळले तर गाडी तीच आहे असं म्हणता येतं. एखादा जुळला नाही, तर का जुळला नाही याचं पटणारं आणि कागदावर असलेलं उत्तर विकणाऱ्याकडे हवं. रंग, चामडं, चाकांची चकाकी या गोष्टी त्यानंतर बघायच्या. इथे गाडीचं परीक्षण आहे आणि तिच्या मूळपणाचा दाखला देणाऱ्या लॅम्बोर्गिनीच्या ‘पोलो स्तोरिको’ या विभागाच्या सेवेचंही. मिउराच्या बाबतीत ही दोन वेगळी काढताच येत नाहीत.

नंबर चार आहेत, कारण गाडी तीन ठिकाणी बनत होती. पत्र्याची चौकट मोदेनाच्या मार्केझींकडे तयार व्हायची. बॉडी तूरीनजवळ ग्रुल्यास्कोला बेर्तोनेच्या कारखान्यात चढायची. इंजिन आणि शेवटची जुळणी सांतागाता बोलोन्येझेला, लॅम्बोर्गिनीच्या स्वतःच्या कारखान्यात. प्रत्येकाची मोजणी वेगळी. चेसिस नंबर वाढत जातात, पण त्यांवरून कितवी गाडी हे कळत नाही, म्हणून उत्पादन क्रमांक स्वतंत्र पाहावा लागतो. उदाहरणार्थ, ३५८६ हा चेसिस नंबर असलेली मिउरा उत्पादन क्रमांकाने १९०वी आहे. हा फरक माहीत नसलेले खरेदीदार दोन नंबरांत विसंगती दिसली की घाबरतात, आणि माहीत असलेले विक्रेते कधीकधी त्याच गोंधळाचा फायदा घेतात.

गाडीचा जन्म थोडक्यात. नोव्हेंबर १९६५ मध्ये तूरीनच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने फक्त उघडी चौकट मांडली, बॉडीशिवाय. जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तांझानी हे तरुण अभियंते आणि गाड्या चालवून तपासणारा न्यूझीलंडचा बॉब वॉलेस, या तिघांनी ती आकाराला आणली होती. बारा सिलिंडरचं ३,९२९ सी.सी. इंजिन जोत्तो बिझ्झारिनीच्या मूळ रचनेवरून आलेलं. ते त्यांनी प्रवाशांच्या पाठीमागे आडवं बसवलं. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल इंजिनच्याच ओतीवात घेतले. बेर्तोनेकडे नुकताच रुजू झालेला मार्चेल्लो गांदिनी या चौकटीवर बॉडी आखायला बसला, आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला नारंगी मिउरा उभी राहिली. तेव्हा इंजिन त्या बॉडीत नीट बसवून पाहायलाही वेळ उरला नव्हता. मागच्या कप्प्यात वजन भरून झाकण बंद ठेवलं होतं, असं त्या चमूतल्यांनी पुढे सांगितलं आहे. नाव घेतलं ते डॉन एदुआर्दो मिउराच्या झुंजीच्या बैलांच्या वंशावरून.

१९६६ ते १९७३ या काळात एकूण ७६३ गाड्या बनल्या. त्यांत तीन मुख्य पिढ्या. पहिली पी४००, ३५० अश्वशक्तीची. नोव्हेंबर १९६८ पासून पी४०० एस, ३७० अश्वशक्ती, विजेवर चालणाऱ्या काचा आणि काचांभोवती चकचकीत पट्टी. मार्च १९७१ पासून पी४०० एसव्ही, ३८५ अश्वशक्ती, मागची चाकं रुंद, त्यांच्यावरचा पत्रा बाहेर फुगलेला. ‘पी’ म्हणजे इंजिन मागे, ४०० म्हणजे चार लिटर. एसव्ही फक्त १५० बनल्या, म्हणून भाव तिचा सर्वांत जास्त, आणि म्हणूनच खोटेपणाही तिच्यात सर्वांत जास्त.

एस गाडीला एसव्हीचं रूप देणं अवघड नाही. हेडलाइटच्या भोवतीच्या काळ्या ‘पापण्या’ काढल्या, मागची बॉडी रुंद केली, चाकं बदलली की फोटोत एसव्ही दिसते. (ते हेडलाइट मूळचे फियाट ८५० स्पायडरचे, त्यामुळे दिव्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.) खरी एसव्ही खालून ओळखायची. तिच्या मागच्या सस्पेन्शनचे खालचे दांडे रुंद पायाचे आहेत आणि ते चौकटीला जिथे धरलेले असतात ती जागाच वेगळी आहे. म्हणून गाडी लिफ्टवर घ्या, मागची चाकं उतरवा आणि दांड्यांचे आधार जिथे चौकटीला जोडलेत तिथला पत्रा बघा. नंतर जोडलेल्या आधाराभोवतीचं वेल्डिंग सलग आणि जाड असतं, रंगाचा थर आजूबाजूपेक्षा वेगळा असतो, आणि जुन्या आधाराची भोकं पत्र्याने बुजवल्याची खूण बोटाला लागते. हे पाहू न देणाऱ्याकडून एसव्ही घेऊ नये. माझं मत इतकं स्पष्ट आहे, कारण एस आणि एसव्ही यांच्या भावातला फरक प्रचंड आहे आणि तो सगळा फरक याच चार आधारांवर उभा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात एक खास मागणीनुसार बनवलेली एसव्ही ३२ लाख पौंडांच्या वर गेली, यावरून अंदाज यावा.

आता त्या चौकटीविषयी, कारण मिउराचं आयुष्य तिथेच ठरतं. पातळ पत्रा वाकवून पेटीसारखी चौकट केली आहे आणि वजन कमी करण्यासाठी तिला ठिकठिकाणी भोकं पाडली आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत पत्रा ०.९ मि.मी.चा होता. वळणांवर चौकट पिळते हे लक्षात आल्यावर पुढच्या गाड्यांत तो १ मि.मी. केला आणि काही ठिकाणी आधार वाढवले. भोकांतून धूळ आणि पाणी आत जातं, बाहेर पडत नाही, आणि पेटीच्या आतून गंज चढतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत पत्रा कागदासारखा झालेला असतो. दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा आणि पुढच्या चौकटीचे कोपरे इथे बारीक कॅमेरा आत घालून बघायचा आणि पत्र्याची जाडी मोजायची. जुन्या गाडीवर १.५ किंवा २ मि.मी. जाडी दिसली तर आनंद मानू नका. तिथे पत्रा बदललेला आहे किंवा वर दुसरा चढवला आहे. दुरुस्ती वाईट नाही, पण ती कुठे, कधी, कोणी केली हे फाइलमध्ये असलं पाहिजे. पुढची आणि मागची उचलली जाणारी मोठी झाकणं अॅल्युमिनियमची आहेत, मधला भाग पोलादाचा. हे दोन धातू जिथे भिडतात तिथे अॅल्युमिनियम पांढरं पडून फुगतं. अशा जागी रंगाखाली उठलेले फोड दिसले तर नुसता रंग मारून भागत नाही. जोड उघडून मध्ये विलग करणारा थर द्यावा लागतो.

इंजिनची सर्वांत मोठी अडचण तेलाची. पी४०० आणि एसमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकच तेल वापरतात. गिअर टाकताना सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागांच्या) पितळी कड्यांचा आणि दात्यांचा जो बारीक कीस पडतो, तो त्याच तेलातून क्रँकच्या बेअरिंगकडे जायला मोकळा असतो. उलट बाजूने, इंजिनच्या उष्णतेने पातळ झालेलं तेल गिअरच्या दात्यांना पुरेसं संरक्षण देत नाही. नंतरच्या एसव्हीमध्ये कारखान्याने तेलाच्या टाक्या वेगळ्या केल्या. सगळ्या एसव्हीत ही सोय नाही, हे विसरू नये. जाहिरातीत नुसतं ‘एसव्ही’ वाचून वेगळी टाकी आहे असं धरणारे बरेच फसलेले आहेत. कित्येक जुन्या गाड्यांना ही सुधारणा नंतर बाहेरच्या कार्यशाळांनी केली. चालवायला ती सुधारणा उत्तमच, पण मूळपणाच्या दाखल्यात ती ‘बदल’ म्हणून मोजली जाते. एक गोष्ट जिंकायची तर दुसरी सोडावी लागते, आणि हा निर्णय घेण्याआधी गाडी चालवायची आहे की दाखवायची, हे ठरवलेलं बरं.

विकत घेण्याआधी तेलाचा फिल्टर काढून कापा आणि आतला कागद उजेडात उलगडा. सोनेरी चुरा म्हणजे सिंक्रो झिजताहेत. थोडा असला तर चालतं. चंदेरी, चुंबकाला न चिकटणारी पापुद्री दिसली तर बेअरिंगची शंका घ्यावी. चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे गिअरचे दाते किंवा चेन. एकत्र तेलाच्या गाडीचं तेल दर ३,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते, बदलायचं, आणि गाडी थंड असताना दुसऱ्या गिअरमध्ये जबरदस्ती करायची नाही. पाणी लवकर तापतं, तेल उशिरा. काटा पाण्याचा नव्हे, तेलाचा बघायचा. तेल तापेपर्यंत इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वर जाऊ नये. बाराही सिलिंडरची गळती चाचणी, म्हणजे दाबाने भरलेली हवा किती टक्के निसटते याची मोजणी, करून घ्या. दहा टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळचे आकडे आले तर इंजिन निरोगी. एखादाच सिलिंडर वीसच्या पुढे असेल तर त्याचा व्हॉल्व्ह किंवा रिंग बघायला लागेल, आणि बाराचं इंजिन उघडणं म्हणजे ते सगळंच उघडणं.

आग हा मिउराचा खरा शत्रू आहे. वेबरचे ४० आयडीएल ३सी जातीचे चार कार्ब्युरेटर, प्रत्येकाला हवा आत घेणाऱ्या तीन नळ्या, एकूण बारा. हे शर्यतीच्या घराण्यातले कार्ब्युरेटर. गाडी उभी असताना, रहदारीत संथ चालताना ते नीट वागत नाहीत. आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची सुई थोडी जरी अडकली तरी पेट्रोल वर येऊन सांडतं, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. मग चालकाने पाय दिला, कार्ब्युरेटरमधून उलटा भडका आला, की साचलेलं पेट्रोल पेटतं. कित्येक मिउरा अशाच गेल्या. उपाय माहीत आहेत आणि महागही नाहीत. पेट्रोलचा दाब ०.२ ते ०.२५ बारवर बांधणारा नियामक बसवा. फ्लोटच्या सुया आणि बैठका संचाने बदला, एकेक नव्हे. सांडलेलं पेट्रोल इंजिनवर न पडता खाली वाहून जाईल अशा नळ्या तपासा, त्या बहुतेक वेळा बुजलेल्या सापडतात. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबरी नळ्या घाला आणि पाच वर्षांनी पुन्हा बदला, दिसायला चांगल्या असल्या तरी. आग विझवणारी स्वयंचलित यंत्रणा इंजिनकप्प्यात बसवावी. मूळपणाच्या नावाखाली ती टाळणं हा शहाणपणा नाही. कार्ब्युरेटरच्या बाराही नळ्यांची हवा मोजून जुळवायला जाणकार माणसाला अख्खा दिवस लागतो. तासाभरात ‘ट्यूनिंग’ करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये.

चाकं काम्पान्योलो कंपनीची, मॅग्नेशियमची. हा धातू रंगाखाली पोकळ होतो. भेगा शोधणारं द्रव्य लावून किंवा क्ष-किरणाने तपासल्याशिवाय मूळ चाकांवर वेगाने गाडी चालवू नये. पेट्रोलची टाकी पुढे असल्यामुळे ती रिकामी होत आली की पुढचा भाग हलका होतो आणि मोठ्या वेगात स्टिअरिंग सैल वाटू लागतं. टाकी अर्ध्याच्या वर ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो. आतली जागा उंच माणसाला अपुरी. पाठीमागे एका काचेपलीकडे बारा सिलिंडर असल्याने उष्णता आणि आवाज दोन्ही भरपूर. पण तो आवाज, आणि गाडी वळणात शिरताना वजन मधोमध असल्याची जी जाणीव होते ती, या दोन गोष्टींसाठी वरचं सगळं सोसण्यासारखं आहे.

आता कागद. पोलो स्तोरिको हा विभाग २०१५ मध्ये सांतागाताला सुरू झाला. जुना दस्तऐवज सांभाळणं, गाड्यांचा मूळपणा तपासून दाखला देणं, जीर्णोद्धार करणं आणि जुने सुटे भाग पुन्हा बनवणं, अशी त्याची कामं. तपासणीत गाडीचे नंबर, भाग आणि रंगरूप कारखान्याच्या उत्पादनाच्या नोंदींशी ताडून पाहतात आणि तज्ज्ञांची समिती निर्णय देते.

या सेवेचं सर्वांत चांगलं काम चेसिस ३५८६च्या बाबतीत दिसलं. १९६९ साली आलेल्या एका गाजलेल्या ब्रिटिश चित्रपटाची सुरुवात आल्प्सच्या घाटात नारंगी मिउराने होते. निर्मात्यांना दोन गाड्या लागणार होत्या. चुराडा होताना दाखवायला कारखान्याने आधीच अपघातात मोडलेली मिउरा दिली. धावताना दाखवायला तशीच नारंगी, डाव्या स्टिअरिंगची नवी गाडी दिली, आणि ती परत आणून रोमच्या विक्रेत्याला द्यायची होती. या दुसऱ्या गाडीची आतली आसनं पांढऱ्या चामड्याची. चित्रीकरणात ती खराब होऊ नयेत म्हणून काढून काळी बसवली. पण मिउरात डोक्याचा आधार आसनाला नसतो, तो मागच्या भिंतीला जोडलेला असतो. तो बदलता आला नाही. म्हणून पडद्यावर काळ्या आसनांच्या वर पांढरे आधार दिसतात. पुढे अर्धं शतक ती गाडी नेमकी कोणती, यावर संग्राहकांचे वाद होत राहिले. पोलो स्तोरिकोने जुनी कागदपत्रं तपासली, गाडी तपासली, आणि ती चित्रीकरणाला घेऊन गेलेल्या व तिथे स्वतः चालवलेल्या एन्झो मोरुझ्झी या जुन्या कर्मचाऱ्याची साक्ष घेतली. २०१९ मध्ये ३५८६ हीच ती गाडी असा दाखला दिला. आज ती लिक्टेनस्टाईनमधल्या वाडुत्झच्या संग्रहात आहे.

या प्रकरणातून खरेदीदाराने दोन गोष्टी उचलाव्यात. इतिहास सिद्ध करायला नुसती कारखान्याची नोंदवही पुरत नाही. आतल्या चामड्याचा मूळ रंग, कोणत्या विक्रेत्याकडे गेली, कोणी पोहोचवली, अशा छोट्या तपशिलांनी तो उभा राहतो. म्हणून विकणाऱ्याकडून मूळ रंग आणि चामड्याची नोंद, जुन्या नोंदणीपुस्तिका, सेवेच्या पावत्या आणि प्रत्येक दशकातले फोटो मागा. गालिचे आणि आतल्या पट्ट्या काढून त्यांच्या उलट बाजूला बेर्तोनेच्या बॉडी नंबरची खूण शोधा. मूळ पट्ट्या टिकल्या असतील तर ती तिथेही सापडते आणि बाहेरून पुसून टाकणाऱ्यालाही ती सुचत नाही. दुसरं, साक्ष देणारी माणसं म्हातारी होताहेत. वॉलेस २०१३ मध्ये गेला, स्तांझानी २०१७ मध्ये, गांदिनी २०२४ मध्ये. ज्याची फाइल अपुरी आहे त्याने ती पूर्ण करण्याचं काम आजच हाती घ्यावं.

‘एसव्हीजे’ हा शब्द ऐकला की मात्र सर्वांत जास्त सावध व्हावं. १९७० मध्ये वॉलेसने शर्यतीच्या नियमांच्या दिशेने एक मिउरा सोलून हलकी केली, तिला योता म्हणतात. ती १९७१ मध्ये ब्रेशाजवळ अपघातात जळून गेली. मग तशीच हवी म्हणून काही श्रीमंत ग्राहकांनी कारखान्याकडे मागणी केली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या एसव्हीजे बनल्या. इराणच्या शहांसाठी बनलेली ४९३४ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. बाकीच्या ज्या एसव्हीजे म्हणून फिरतात त्यांतल्या काही मूळ एसव्ही होत्या आणि कारखान्याने नंतर बदलल्या, तर काही पुढच्या दशकांत इतरांनी बदलल्या. तीन प्रकार, तीन वेगळे भाव. विक्रेत्याला प्रश्न एकच विचारायचा: हे रूप गाडीला कोणत्या तारखेला मिळालं आणि त्या तारखेचं कारखान्याचं पत्र आहे का? पत्र नसेल तर ती एसव्ही म्हणूनच मोजावी, कितीही देखणी असली तरी.

पोलो स्तोरिकोच्या सेवेला माझा कौल अनुकूल आहे, पण अटींसह. कारखान्याच्या नोंदींपर्यंत पोहोचण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे आणि मोठ्या लिलावात त्याच्या दाखल्याने खरेदीदाराचा विश्वास वाढतो. मात्र दाखला त्या दिवसापुरता असतो. पुढे इंजिन बदललं, तर जुना कागद गाडीसोबत फिरत राहतो आणि खोटं बोलतो. दाखल्यावरची तारीख आणि आजचे नंबर स्वतः पुन्हा ताडून पाहा. दाखला गाडीच्या प्रकृतीबद्दलही काही सांगत नाही. सगळे नंबर जुळलेली गाडी आतून गंजलेली असू शकते. शिवाय जीर्णोद्धार करणारं आणि दाखला देणारं घर एकच आहे, हे ध्यानात ठेवून गाडी एखाद्या स्वतंत्र मिउरा-जाणकाराला दाखवावी. दोघांचे अहवाल एकमेकांना धरून असले तरच पुढे जावं.

एका सुट्या भागाने काय होतं ते फेरारीच्या प्रकरणात दिसलं. ४ कोटी ४० लाख डॉलरला विकलेल्या एका २५० जीटीओचा मूळ गिअरबॉक्स तिसऱ्याच माणसाकडे होता, आणि तो कोणी, कोणाच्या खर्चाने मिळवून द्यायचा यावरून खरेदीदार आणि विक्रेता लंडनच्या न्यायालयात उभे राहिले. मिउरात गिअरबॉक्स इंजिनच्याच ओतीवात असल्याने तो असा वेगळा पळवता येत नाही. पण त्याच कारणाने इंजिनचा ओतीव एकदा फुटला किंवा बदलला की गाडीचा मोठा मूळ भाग एकदम जातो. म्हणून करारात चारही नंबर अंकी लिहून घ्या. मूळ चाकं, कार्ब्युरेटर, आसनं, हत्यारांची पिशवी आणि पुस्तिका यांची यादी जोडा. यांतलं काही पुढे मिळणार असेल तर ते कोण, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या पैशाने देणार, हे त्याच कागदावर येऊ द्या. पैसे देण्याआधी चेसिस नंबर ठोकलेल्या जागेचा तिरप्या उजेडात फोटो काढा. घासून पुन्हा ठोकलेल्या अंकांभोवतीचा पत्रा किंचित खोलगट दिसतो, आणि तो समोरून घेतलेल्या फोटोत कधीच दिसत नाही.